कुडा मागितला, कुडा मिळाला, पण तो कुडा नव्हताच!

माळावरची | ३ जून
नमस्कार मंडळी,
मुळशीकडे आमचा सव्वा एकराचा उताराचा तुकडा आहे. तारेचं कुंपण नको, इथलीच फुलणारी झुडपं लावून जिवंत कुंपण करायचं असं घरात ठरलं. यादी केली: करवंद, धायटी, कुडा, निरगुडी, अडुळसा, मुरुडशेंग, रामेठा, भारंगी, जमली तर कारवी. घोटाळा नको म्हणून जास्तीचा शहाणपणा केला आणि प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव लिहिलं. औषधी वनस्पतींचं एक जुनं पुस्तक घरात होतं, त्यातूनच. कुड्यापुढे लिहिलं ‘होलऱ्हीना अँटिडिसेंटेरिका’.

नर्सरीवाल्याने कागद वाचला, म्हणाला, “अँटिडिसेंटेरिका ना? आहे की!” आणि बारा रोपं दिली. गुडघ्याएवढी, गुटगुटीत, पांढऱ्या चांदण्यांनी लगडलेली. मी खूश. परवा वाडीतल्या आजी शेळ्या घेऊन आल्या. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “ह्यो कुडा न्हवं. कुड्याचं पान हाताएवढं असतंय. ह्यो शोभेचा.”

आता माझा प्रश्न. शास्त्रीय नाव म्हणजे पक्कं, जगात कुठेही एकच, असं शाळेत शिकलो. मग हे झालं कसं? वर इंटरनेटवर बघावं तर माझ्या यादीतली निम्मी नावं बदललेली. कुडा ‘प्युबेसेन्स’ झालाय, भारंगी ‘रोथेका’ झालीय. आपल्यासारख्यांनी या लॅटिनच्या नादी लागावं का, की सरळ आजींना विचारून मोकळं व्हावं?

टिकोजी | ३ जून
आजींना विचारा. धागा संपला. :)

सह्यवेडा | ३ जून
वाखु (वाचनखूण) साठवली आहे. आमच्याकडेही असाच प्रकार झाला होता, फक्त आम्हाला वाडीतल्या आजी भेटल्या नाहीत, त्यामुळे तीन वर्षं आनंदात होतो.

पानगळ | ३ जून
फोटो टाका की. फुलाच्या मध्यभागी बारीक झालर आहे का?

माळावरची | ३ जून
फोटो चढत नाहीये. हो, मधोमध पांढरी झालर आहे, अगदी कातरकाम केल्यासारखी.

पानगळ | ४ जून
मग आजी बरोबर आणि गंमत म्हणजे तुमचा नर्सरीवालाही खोटं बोलला नाही! तुम्हाला मिळालंय ते ‘राइटिया अँटिडिसेंटेरिका’. मूळचं श्रीलंकेचं. बारमाही फुलतं, कुंडीत राहतं, म्हणून सगळीकडे विकलं जातं. तुमच्या कागदावर दोन शब्द होते, त्याने दुसराच वाचला. पहिला शब्द आडनाव समजा, दुसरा नाव. ‘सुरेश आहे का’ विचारलंत आणि भलत्याच घरचा सुरेश बाहेर आला.

आपल्या कुड्याच्या फुलात ती झालर नसते. फांदीच्या टोकाला पांढऱ्या सुवासिक फुलांचा घोस येतो, उन्हाळ्याच्या शेवटी. पान मोठं, तोडलं की चीक, आणि शेंगा जोडीने लोंबतात, लांब आणि बारीक.

खवचट_काका | ४ जून
पण दोन वेगवेगळ्या झाडांना ‘अँटिडिसेंटेरिका’ म्हणायची गरजच काय पडली? पोट बिघडल्यावर शास्त्रज्ञाने नावं ठेवली होती काय?

कोरांटी | ४ जून
काका, थट्टा करताय पण नेम बरोबर लागलाय. शब्दाचा अर्थच ‘आव-अतिसारावरचं’ असा आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. जरा लांबण लावते, चालवून घ्या.

वनस्पतींना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’ असं एक नाव दिलं. त्या नावाखाली त्याने दोन झाडांची सरमिसळ केली होती: एक श्रीलंकेतलं आणि एक मलबारातलं, म्हणजे आपला कुडा. बिचाऱ्याने ही झाडं इथे येऊन पाहिली नव्हती. दुसऱ्यांनी केलेली वर्णनं, चित्रं आणि वाळवलेले नमुने समोर ठेवून काम चालायचं. पुढे गुंता सोडवताना ते नाव श्रीलंकेच्या झाडाकडे गेलं. आपल्या कुड्याला मात्र तोवर औषधांच्या पुस्तकांतून ‘होलऱ्हीना अँटिडिसेंटेरिका’ चिकटलं होतं, ते सुटता सुटेना. आज त्याचं मान्य नाव ‘होलऱ्हीना प्युबेसेन्स’. प्युबेसेन्स म्हणजे लव असलेला.

नाव बदलतं ते कुणाच्या लहरीने नाही. नाव सहसा एका वाळवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला ‘टाइप’ म्हणतात. वाद झाला की शेवटी तो नमुना कपाटातून बाहेर काढून बघतात. आणि वनस्पतींच्या नावांचा सातबारा १७५३ पासून सुरू होतो. त्या वर्षी लिनियसचा ‘स्पीशीज प्लँटारम’ आला. त्यानंतर ज्याने रीतसर आधी नाव दिलं, त्याचं सहसा टिकतं.

टिकोजी | ४ जून
म्हणजे फेरफार, वारस नोंद, सगळं आलं. तलाठी कोण?

कोरांटी | ४ जून
तलाठी म्हणजे दर सहा-सात वर्षांनी भरणारी वनस्पतीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद. २०१७ला शेन्झेनला झाली, २०२४ला माद्रिदला. माद्रिदला एक वेगळाच ठराव झाला. ‘कॅफ्रा’ हा शब्द असलेली दोनशेहून अधिक नावं ‘ॲफ्रा’ करायची, कारण मूळ शब्द आफ्रिकेत शिवीसारखा वापरला गेलाय. त्यावर बरीच वादावादी झाली. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

भटक्या_१२ | ४ जून
बाई, तो धागा काढाच. पण आधी एक शंका. आमच्या गावाकडे ‘काळा कुडा’ पण आहे. तो कोणता?

पानगळ | ४ जून
काळा कुडा म्हणजे ‘राइटिया टिंक्टोरिया’. टिंक्टोरिया म्हणजे रंगासाठी वापरायचा, त्याच्या पानांपासून निळा रंग काढायचे. चन्नपट्टणची लाकडी खेळणी ह्याच्याच पांढऱ्या लाकडाची. ओळखायची खूण: कोवळ्या शेंगांची जोडी टोकाला एकमेकींना जुळलेली असते, जणू बांगडी. पांढऱ्या, म्हणजे यादीतल्या होलऱ्हीना कुड्याच्या शेंगा टोकाला मोकळ्या. बियांनाही वेगळी नावं आहेत, पांढऱ्याचे कडू इंद्रजव, काळ्याचे गोड इंद्रजव. आणि अजून एक नागलकुडा आहेच, तगरीसारख्या फुलांचा, तो तिसऱ्याच प्रजातीतला, म्हणजे तिसऱ्याच आडनावाचा. म्हणजे नुसतं ‘कुडा’ म्हणून भागत नाही. आजीसुद्धा आधी विचारतील, कोणता?

अबोली | ५ जून
हे मस्त आहे. म्हणजे आपली नावंही दोन शब्दांचीच की! काळा कुडा, पांढरा कुडा, नागलकुडा.

कोरांटी | ५ जून
अबोली, अगदी बरोबर. फरक एवढाच की लोकांनी चीक, फूल, शेंग बघून तिघांना एका घरात बसवलं, शास्त्राने तिघांना तीन घरं दिली. पण आळी एकच ठेवली, तिघेही करवंदाच्या आणि कण्हेरीच्या कुळातले. लोक फार चुकले नव्हते.

खवचट_काका | ५ जून
एवढं सगळं करण्यापेक्षा घाणेरी लावा. फुकट मिळते, शेळी खात नाही, पाणी नको, वर्षभर फुलं आणि सगळी फुलपाखरं तिथेच. नाव काहीही ठेवा, ती येणारच.

सह्यवेडा | ५ जून
काका काडी टाकून पळाले…

मधाचं_पोळं | ५ जून
पळू देऊ नका. काका, फुलपाखरं घाणेरीवर येतात हे खरं. पण ती तिथे मध प्यायला येतात, अंडी घालायला नाही. ते हॉटेल आहे, बाळंतपणाचं घर नव्हे. आपलं राज्य फुलपाखरू ‘ब्लू मॉर्मन’ बघा, २०१५ला जाहीर झालं. त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात, रानात माकडलिंबूची. ‘प्लेन टायगर’ला रुई लागते. हॉटेलं वाढवली आणि घरं पाडली तर गिऱ्हाईक किती दिवस येणार?

घाणेरी आली दक्षिण-मध्य अमेरिकेतून, बागेची शोभा म्हणून. आपल्या बुलबुलांनी फळं खाऊन बिया डोंगरभर नेल्या. खाली गवत येऊ देत नाही, गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. एक मात्र मान्य करावं लागतं, बाई हुशार आहे. गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी लालसर. मध मुख्यतः पिवळ्यात. जुन्या फुलांनी लांबून जाहिरात करायची, नव्यांनी दुकान चालवायचं.

खवचट_काका | ५ जून
हे पटलं. (असं मी वर्षातून एकदाच लिहितो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

पण मुरुडशेंगेचंही फूल रंग बदलतं ना? आमच्याकडे विटकरी लाल फूल नंतर शिशासारखं निळसर-राखाडी होतं.

मधाचं_पोळं | ५ जून
होतं! तिच्याकडे पक्षी येतात, धायटीकडेही. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर करपलेला असतो तेव्हा धायटीच्या लाल नळ्यांवर सूर्यपक्ष्यांची झुंबड असते. माळावरचीताई, कुंपणात काहीही गाळा, धायटी गाळू नका. उतार धरून ठेवते आणि सगळं रान वाळलेलं असताना दाणापाणी देते.

अबोली | ५ जून
धायटीच्या फुलांशिवाय आसवं-अरिष्टं आंबत नाहीत असं आमचे वैद्य आजोबा म्हणायचे.

भटक्या_१२ | ६ जून
मुरुडशेंगेचं नाव निघालंय म्हणून. बाळगुटीत उगाळतात ती हीच ना, पीळ पडलेली? पोटात मुरडा आला की मुरडलेली शेंग. लहानपणी मला हे फार तर्कशुद्ध वाटायचं.

कोरांटी | ६ जून
लॅटिनवाल्यांनीही पीळच बघितला, ‘हेलिक्टेरिस’मध्ये तोच अर्थ आहे. पण पुढचा शब्द ‘आयसोरा’ लॅटिन नाहीच, तो मलबारातला! ‘होर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने तो करून घेतला. माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी पंडितांनी. त्या पंडितांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्रही त्यात छापलंय. या ग्रंथात हे झाड ‘इसोरा-मुर्री’ आहे आणि लिनियसने त्यातला ‘इसोरा’ उचलला.

म्हणून ‘आजी की लॅटिन’ हा प्रश्न मला जरा फसवा वाटतो. कितीतरी लॅटिन नावांच्या पोटात कुठलीतरी आजी बसलेलीच आहे. करवंदाचं ‘कॅरिसा करंडास’ मोठ्याने म्हणून बघा. अडुळशाचं ‘जस्टिशिया आढाटोडा’: तमिळमध्ये आडू म्हणजे शेळी, तोडा म्हणजे शिवत नाही. कुंपणाला काय लावावं याचा सल्ला नावातच दिलाय.

टिकोजी | ६ जून
आणि निरगुडी?

कोरांटी | ६ जून
‘व्हायटेक्स निगुंडो’. निर्गुंडीचा अपभ्रंश. आणि उत्तर अमेरिकेतल्या एका मेपलची पानं निरगुडीसारखी दिसतात म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘एसर निगुंडो’. आपली निरगुडी अशी नावापुरती अमेरिकेला गेली.

टिकोजी | ६ जून
व्हिसा न काढता! बाई, तुम्ही रोज लिहा.

सह्यवेडा | ७ जून
कारवीबद्दल कुणीच बोललं नाही? ती सात वर्षांनी फुलते असं सगळे म्हणतात. पण बोरिवलीच्या उद्यानात मी २००८ आणि २०१६ला पाहिली, मग २०२४ला. हे तर आठ वर्षं झालं. मोजायला कोण चुकलं?

पानगळ | ७ जून
कुणीच नाही. कारवी पावसाच्या अखेरीस फुलते, बिया धरते आणि अख्खा डोंगर एकदम मरतो. बोंडं झाडावरच वाळत राहतात. पुढच्या पावसात भिजली की तडतड फुटून बिया उडवतात. म्हणजे २०१६च्या फुलांची रोपं उगवली २०१७च्या जूनमध्ये, आणि ती फुलली २०२४ला. झाडाचं वय सात, दोन बहरांतलं अंतर आठ. आणि प्रत्येक डोंगराचं पंचांग वेगळं असू शकतं, एकीकडे फुलली म्हणून दुसरीकडे त्याच वर्षी फुलेलच असं नाही.

मधाचं_पोळं | ७ जून
सगळ्यांनी एकदम का फुलायचं, तर बिया खाणारे किडे-पक्षी-उंदीर खाऊन खाऊन किती खातील, हा त्यामागचा हिशोब मानतात. लग्नात हजार पानं वाढली की आगंतुक पाच-पन्नास जेवले तरी कमी पडत नाही.

भटक्या_१२ | ७ जून
आमच्या आजोळच्या घराच्या कुडाच्या भिंती कारवीच्या होत्या. काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती. उन्हाळ्यात आत थंडगार. उंदरांनी एक भोक पाडलं होतं त्यातून आम्ही भावंडं शेजारच्या खोलीतले मोठ्यांचे बोलणे ऐकायचो. पुढचं इथे सांगण्यासारखं नाही.

खवचट_काका | ७ जून
थांबा. ‘कुडाच्या भिंती’ कारवीच्या? आता हा चौथा कुडा कुठून आला?

भटक्या_१२ | ७ जून
काका, तो कूड. झाड नव्हे, भिंत. :D

कोरांटी | ७ जून
कारवीचं लॅटिन नावही चटका लावणारं आहे. ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ असं मुळात नीस या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १८३२मध्ये ठेवलं. १९४४ला ब्रेमेकँप या डच वनस्पतीशास्त्रज्ञाने त्या मोठ्या प्रजातीचे बरेच तुकडे पाडले आणि आपल्या कारवीच्या प्रजातीला चक्क ‘कार्व्हिया’ नाव दिलं. मराठी शब्द थेट प्रजातीच्या जागी! पण पुढच्या संशोधनात ते तुकडे टिकले नाहीत, पुन्हा सगळं स्ट्रोबिलँथसमध्ये गेलं. मला अजून वाईट वाटतं.

अबोली | ८ जून
ते भारंगीचं ‘रोथेका’ काय प्रकरण आहे? आमच्याकडे पहिल्या पावसात कोवळ्या पानांची भाजी होते. उकळून, पाणी पिळून टाकायचं, नाहीतर कडू. मग कांदा, भरपूर लसूण, भिजवलेली मूगडाळ. निळसर फुलांचीही करतात.

कोरांटी | ८ जून
आधी ती ‘क्लेरोडेंड्रम सेराटम’ होती. १९९८मध्ये डीएनए आणि फुलांची रचना दोन्ही बघून काही जाती त्या प्रजातीतून वेगळ्या काढल्या, त्यात भारंगी गेली. आता ‘रोथेका सेराटा’. म्हणजे कुड्याचं नाव बदललं जुना गोंधळ निस्तरायला, भारंगीचं बदललं नवीन माहिती हाती आली म्हणून. दोन्हीला लोक एकच शिवी देतात.
भाजीत लसूण शेवटी वरून फोडणीत घालून बघा.

अबोली | ८ जून
:) नक्की!

पानगळ | ८ जून
मूळ मुद्द्यावर येतो. माळावरचीताई, निरगुडी आणि अडुळसा छाटकलमाने आत्ताच लावा, पहिल्या पावसात फांदी खोचली तरी धरते. करवंद बियांपासून, पण बी ताजं हवं. पिकलेली करवंदं खा, बिया धुवा, लगेच पेरा, वाळवून ठेवू नका. रामेठा ओढ्यापासून लांब ठेवा, त्याच्या सालीने मासे गुंगवून मारायचे. कारवी कुंपणाला नको, सात वर्षांनी कुंपणच गायब होईल. आणि नर्सरीत यादी देताना दोन्ही शब्द मोठ्याने वाचून दाखवा. जमलं तर सोबत पानाचा फोटो.

माळावरची | ८ जून
सगळ्यांचे मनापासून आभार. करवंदं खाण्याची जबाबदारी मुलांनी घेतली आहे.

माळावरची | ९ नोव्हेंबर
धागा वर आणतेय. हिशोब द्यायचा राहिला होता.
निरगुडी जवळजवळ सगळी धरली. अडुळसाही, शेळ्या खरंच तोंड लावत नाहीत. करवंदाची चाळीसेक रोपं बोटभर झाली आहेत. धायटी मिळाली नाही, मग कळलं की वरच्या बांधावर ती आधीपासूनच आहे. जूनमध्ये साफसफाईत तीच तोडायला निघालो होतो.

आणि कुडा. दिवाळीनंतर गवत बसलं तेव्हा आजी पुन्हा आल्या आणि मला हाताला धरून हद्दीच्या दगडापाशी नेलं. तिथे माझ्या उंचीचं एक झाड, पानं हाताएवढी, शेंगांच्या जोड्या लोंबताहेत. मी टोकं बघितली, मोकळी. खाली गवतात जुन्या तोडलेल्या खुंटांतून फुटलेले अजून सात-आठ धुमारे. आम्ही दरवर्षी ‘झाडोरा’ म्हणून कापत होतो ते हेच. आजींना म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, “तुमी इचारलं कुटं? तुमी इकत आणलाव.”

टिकोजी | ९ नोव्हेंबर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. कुणी ऐकत नाही.

पानगळ | ९ नोव्हेंबर
मे महिन्यात फुलांचा फोटो हवाच. या वर्षी धुमारे कापू नका.

खवचट_काका | १० नोव्हेंबर
ते सगळं ठीक. त्या बारा श्रीलंकनांचं काय केलंत?

माळावरची | १० नोव्हेंबर
कुंड्यांत लावून ओसरीवर ठेवलेत, अजून फुलताहेत. लेकीने प्रत्येकाला पाटी लावली आहे. ‘अँटिडिसेंटेरिका’. यावेळी बरोबर आहे ना, बाई?

कोरांटी | १० नोव्हेंबर
अर्धी. पहिला शब्द लिहायला सांगा तिला.